सहा ग्रॅम बेचाळीस

४ जानेवारी

ती. मामांस सा. न.

मी तुमच्या मावसबहिणीचा मुलगा. तुम्ही मला शेवटचे पाहिलेत तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि माझा डावा हात मोडून गळ्यात बांधलेला होता. आता एकवीस पूर्ण झाली. हात सरळ आहे.

तुमचा पत्ता आईकडून घेतला. तुम्ही संग्रहालयात खनिजांच्या खोलीत काम करता, एवढेच तिने सांगितले. त्याआधी तुम्ही इथल्या खाणीत नकाशे काढायला होतात हे मला आठवते, कारण तुमच्या खिशात नेहमी चार रंगांच्या पेन्सिली असायच्या आणि मला लाल पेन्सिल हवी असायची.

मी औषधांच्या दुकानात पुड्या बांधतो. शाळा आठवीत सुटली, पण वजनात माझा हात चुकत नाही, म्हणून मालक ठेवून घेतात. ते मला गुंज्या म्हणतात. सुटीच्या दिवशी मी बंद खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यांवर खडे वेचतो. वाटाण्याएवढे, फार तर अक्रोडाएवढे. प्रत्येक खडा एका काडेपेटीत ठेवतो आणि आत चिठ्ठी घालतो: कुठे सापडला, तारीख, वजन. नावाची जागा मात्र कोरी राहते, कारण नाव मला माहीत नसते. कोरी जागा पाहिली की मला चैन पडत नाही.

सोबत पाच काडेपेट्या पाठवतो आहे. पहिलीतला खडा पितळेसारखा पिवळा आणि चौकोनी आहे. दोन दिवस मला वाटले की सोने आहे. मग बशीच्या तळाच्या खरखरीत कडेवर घासला, काळी रेघ उमटली आणि माझी मलाच लाज वाटली. दुसरा करडा आणि फार जड आहे, फुटला की पायऱ्या पायऱ्या पडतात. तिसरी गारगोटी असावी, पण तिला धुरासारखा रंग आहे. चौथ्यावर तांब्याच्या नाण्याने ओरखडा पडतो. पाचवा हिरवा, काचेसारखा. असा एकच सापडला.

कळवण्याची तसदी घ्यावी. माझे काही चुकले असेल तर रागवा, पण उत्तर द्या.

तुमचा भाचा


१७ जानेवारी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल उघडलं तर आमचा शिपाई म्हणतो, "साहेब, सिगारेट कधीपासून?" त्याला वाटलं वर्षभराच्या काडेपेट्यांची बेगमी केली मी.

अरे, इथं मोठमोठ्या विद्वानांच्या पेट्या येतात. दगड सुरेख, चिठ्ठी गायब. कुठं मिळाला म्हणून विचारावं तर उत्तर येतं, "डोंगरात." डोंगर काय एक आहे? चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. कितीही गोंडस असो, घर सांगता येत नाही त्याला. तुझ्या चिठ्ठ्या मी आमच्या साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, हा माणूस कुठल्या कॉलेजात आहे? मी म्हटलं, पुड्या बांधतो. त्यांना खरं वाटलं नाही.

आता ऐक. पिवळा आहे तो माक्षिक. लाजू नकोस, तुझ्या वयात मी त्याची अंगठी करायला सोनाराकडे गेलो होतो. करडा तो गॅलेना, त्यातूनच आपल्या खाणीत शिसं काढायचे. तो हाताळलास की हात धू, आणि रंग बघायला म्हणून खडा जिभेला लावायची खोड असेल तर आजच मोड. तिसरी धुरकट गारगोटीच. चौथा कॅल्साइट, व्हिनेगरचे चार थेंब टाक म्हणजे फसफसेल.

हिरवा तो फ्लोराइट, आणि त्याची गंमत सांगतो. आपल्या खाणीत हा दोनच ठिकाणी मिळायचा, चार नंबरच्या बोगद्यात आणि सात नंबरच्या. डोळ्यांना दोन्ही सारखे, जुळे भाऊ. पण आमच्याकडे एक जांभळा दिवा आहे. त्याच्याखाली चार नंबरचा निळा पेटतो आणि सात नंबरचा मेल्यासारखा पडून राहतो. तुझा पेटला. म्हणजे चार नंबरचा, बिनधास्त लिही. ही गोष्ट माझ्याशिवाय फारशी कुणाला ठाऊक नाही. दोन्ही बोगदे मीच मोजलेत आणि दोन्हींतले खडे माझ्या खणात आहेत.

पाचही परत पाठवतोय. आणखी पाठव. ताई बरी आहे ना?

मामा


३० जानेवारी

ती. मामांस सा. न.

तुमचे पत्र तीनदा वाचले. व्हिनेगर टाकले, फसफसले. मी ओरडलोच. आई म्हणाली, "एवढा आनंद तर तुला पहिला दात आला तेव्हा मलाही झाला नव्हता."

आता ज्यासाठी मी हे सगळे शिकू लागलो ते लिहितो. पहिल्या पत्रात लिहायचा धीर झाला नाही.

खाणीच्या फाटकापाशी कामावर मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर एकतीस नावे आहेत. अक्षरे झिजली म्हणून जुन्या कामगारांची समिती नवा दगड बसवते आहे. यादी ३१ मार्चला पाथरवटाकडे जाईल. बाबांचे नाव जुन्या दगडावर नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. चौकशीत ठरले होते की ते पाळी सोडून, कुणाला न सांगता, बंद पडलेल्या चार नंबरमध्ये खडे वेचायला गेले आणि तिथे छत कोसळले. कामावर मेला तो दगडावर, चोरी करताना मेला तो नाही. शाळेत मला "खडेचोराचा" म्हणत. मी आठवीत शाळा सोडली ती त्यामुळे. आईला सांगितले होते की डोळे दुखतात.

समितीचे प्रमुख लंगडे काका आहेत. त्यांचा भाऊ बाबांनंतर चौदा महिन्यांनी सात नंबरमध्ये मेला. मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, "पोरा, तुझा बाप खडेवेडा होता, पण पाळी सोडणाऱ्यातला नव्हता. मला पटतंय रे. पण मला पटलं म्हणून दगडावर नाव येत नाही. हातात धरता येईल असं काहीतरी आण."

तुमचे पत्र मी आईला वाचून दाखवले होते. जांभळ्या दिव्याचे वाचून झाले तेव्हा ती उठली, बटणांचा डबा चादरीवर उलटा केला आणि बटणांतून एक हिरवा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "हा पण विचार मामाला." बाबांना घरी आणले तेव्हा तो त्यांच्या कोटाच्या अस्तरात होता. आदल्या दिवशीच आईने त्या कोटाला नवे अस्तर लावले होते. खिसा तेवढा फाटका राहिला होता, तो ती उद्या शिवणार होती. म्हणजे खडा त्याच दिवशी उचललेला आणि खिशातून अस्तरात उतरलेला.

तो खडा सोबत आहे. वजन सहा ग्रॅम बेचाळीस. तीनदा तोलला.

तो पेटला नाही तर बाबा सात नंबरमध्ये होते. सात नंबर तेव्हा चालू होता, म्हणजे ते कामावर होते. पेटला तर पेटला. मग मी पुन्हा कुणाला विचारणार नाही.

तुमचा भाचा


२४ फेब्रुवारी

चि. भाच्यास आशीर्वाद.

उशीर झाला. खोकला होता.

खडा दिव्याखाली धरला. निळा पेटला. चार नंबरचा आहे. मला वेगळं लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं, पण दिव्याला नातीगोती कळत नाहीत.

खडा परत पाठवतोय, सोबत संग्रहालयाच्या शिक्क्याची चिठ्ठी आहे. समितीला हवी तर दाखव. आणि एक सांगू का, ते ढिगारे आता पुरे कर. त्या धुळीनं छाती जाते. खडे विकतही मिळतात.

ताईला सांग, मी आठवण काढली. नको, राहू दे.

मामा


३ मार्च

ती. मामांस सा. न.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. ती शर्टाला बटण लावत होती. ते तिने पुरे केले आणि दुसरे घेतले.

मग चिठ्ठी पुरी करावी म्हणून मी खडा तोलला. सहा ग्रॅम एकाहत्तर भरला.

एकोणतीस सेंटिग्रॅमचा फरक. दगड वाढत नाही. म्हणजे मी चुकलो होतो, नाहीतर काटा चुकत होता. जानेवारीपासून त्या काट्यावर मी किती पुड्या बांधल्या ते वहीत पाहिले. सहाशेच्या वर होत्या. त्यांतल्या चौदा लहान मुलांच्या. वरच्या गल्लीतले एक बाळ त्या महिन्यात दगावले होते. त्याची पुडी आमच्या दुकानातून गेली होती का, हे पाहायला मला दोन दिवस लागले, कारण वहीचे ते पान उलटायला हात होईना. गेली नव्हती. पण बाकीच्या तर गेल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितले की मला कामावरून काढा.

ते म्हणाले, "काढतो. आधी काटा बघू दे." त्यांनी कपाटातून मखमलीच्या पेटीतली पितळी वजने काढली आणि एकेक चिमट्याने ठेवून पाहिली. काटा केसभरही हलला नाही. मग म्हणाले, "मामाकडे जाऊन आलेले ते बाकीचे पाच खडे आण." आणले. पाचही माझ्या चिठ्ठीप्रमाणे भरले. अगदी तंतोतंत.

"पाच बरोबर आणि एक चूक? गुंज्या, काटा ठणठणीत आहे आणि तूही. खडा बदललाय तुझा."

मी म्हटले, "मामा असं करणार नाहीत."

"मग मामांच्या खोलीतला उंदीर करत असेल. हिरव्याला हिरवा जुळवणारा. फक्त वजन करायला विसरला बिचारा."

मामा, तुमच्या खोलीत पुष्कळ खडे असतील. शिपायाकडून पेट्या बदलल्या गेल्या असतील. कृपा करून एकदा पाहा. माझा सहा ग्रॅम बेचाळीस आहे.

शिपायाने बदलला नसेल तर तेही लिहा. हे पत्र उद्धट वाटले तर क्षमा असावी. मी ते चारदा लिहून काढले, यापेक्षा सौम्य झाले नाही.

तुमचा भाचा


९ मार्च

चि. भाच्यास,

शिपायानं नाही बदलला. मी बदलला. तुझा खडा सोबत आहे. दिव्याखाली तो पेटला नाही. मी दिवा पुसून पुन्हा लावला, तरी पेटला नाही. मग खणातून चार नंबरचा एक जुळवला. दगडाचं वजन करायचं मला सुचलं नाही असं नाही. माझा भाचा ते पुन्हा करेल, हे सुचलं नाही.

आता ऐक. सात नंबरमधला माल संपत आला होता. वरून हुकूम आला, छताचे टेकू काढत मागं या. छतातून पाणी गळत होतं. मी मोजमाप घेऊन नकाशावर लाल रेघ मारली, याच्यापुढं कुणी जायचं नाही. मुकादम म्हणाला, "आठ पावलं पुढं घ्या की रेघ. आठ पावलांनी काय आभाळ कोसळतंय?" मी घेतली. रबरानं खोडली आणि आठ पावलं पुढं मारली. तुझ्या बाबांना त्या आठ पावलांत पाठवलं.

तो एकटाच होता. मुकादमानं आणि मी त्याला बाहेर काढला. जीव गेलेला होता. मुकादम म्हणाला, सात नंबरमध्ये मेला असं निघालं तर तुम्ही आणि मी तुरुंगात आणि खाणीला कुलूप, तीनशे चुली विझतील. चार नंबर बंदच आहे, तिथं कुणाचं काय जातं? आम्ही त्याला तिकडे नेला आणि तिथलं छत पाडलं. त्याला खड्यांचा नाद होता, हे लहान पोरालाही माहीत होतं. पुढचं लोकांनी आपणच जुळवलं.

सात नंबरमध्ये काही घडलंच नाही असं कागदावर ठरलं, म्हणून तिथं काम चालू राहिलं. चौदा महिन्यांनी त्याच छतानं आणखी दोघं नेले. लंगड्याचा भाऊ, आणि तुमच्या शेजारच्या काकूंचा नवरा. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मुकादमही पुढं वारला. खाणीला कुलूप लागायचं ते लागलंच.

आणखी एक आहे, आणि ते न लिहून चालणार नाही. तुझ्या बाबांचे कपडे उतरवताना ताईनं मला आत बोलावलं. म्हणाली, "भाऊ, चार नंबर कोरडा आहे. हे नेहमी सांगायचे मला. मग यांचा बनियन चिंब कशानं झाला?" माझ्या तोंडून खोटं निघेना. सगळं सांगितलं, तीनशे चुलींचंही. ती तो बनियन पिळत बसली. एक थेंब निघेना तरी पिळत होती. मग म्हणाली, "चुलींचं मला नको सांगू. तुला तुरुंगात घालतील, म्हणून मी गप्प बसते." आम्ही एका ताटात जेवून वाढलो रे. तिनं नवऱ्याचं नाव दिलं आणि मला ठेवलं.

ते दोघं मेले तेव्हा तिचं एका ओळीचं पत्र आलं. "आता इकडे येऊ नकोस." त्यानंतर दहा वर्षांत तिचं पहिलं अक्षर म्हणजे हा खडा. तिनं तो तुझ्या हातून मला पाठवला. मी ते ओळखलं, म्हणूनच भ्यालो.

हे पत्र समितीला दे. अख्खं दे. सही केली आहे.

मामा


१५ मार्च

ती. मामांस सा. न.

खडा तोलला. बरोबर आहे.

पत्र समितीला दिलेले नाही.

शेजारच्या काकू रोज दुपारी आमच्याकडे येतात. आई आणि त्या शर्टांना काजे करतात. आईच्या डोळ्यांना आता दोरा दिसत नाही, तो काकू ओवून देतात. तुमचे पत्र आले त्या दिवशीही आल्या होत्या. मला म्हणाल्या, "नाव लागलं पाहिजे हो तुझ्या बाबांचं. आमचे गेले तेव्हा तुझ्या आईनं मला भरवलंय, लहान पोरासारखं. तिच्यासाठी तरी लागलं पाहिजे." आई टाका घालत होती. तिने मान वर केली नाही. पत्र तेव्हा माझ्या खिशात होते.

आईला मी काही विचारले नाही. तिनेही तुमच्या पत्राचे विचारले नाही. जेवताना फक्त म्हणाली, "यादी कधी जाते?" मी म्हटले, "एकतीसला." ती म्हणाली, "बरं." आणि माझ्या ताटात आणखी वाढले.

आई तेव्हा बोलली असती तर काकूंचे यजमान आणि लंगड्या काकांचा भाऊ त्या छताखाली गेले नसते. हे मी तीन दिवस वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पाहिले. दुसरे उत्तर येत नाही. लंगडे काका ते पत्र एका वाचनात समजतील आणि काकूंना कुणीतरी सांगेलच.

तुमचे पत्र दुमडून पाहिले, आईचा तेवढाच भाग मागे जातो का म्हणून. जात नाही. तुम्ही कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. फाडले तर काका विचारतील, उरलेले कुठे आहे.

म्हणून दुसरे पत्र लिहा. समितीच्या नावाने, एकाच बाजूने. तारीख ९ मार्चच घाला, कारण त्या दिवशी टाकलेले तुमचे पत्र आले हे काकांना पोस्टमनने सांगितले आहे. रेघ, आठ पावले, मुकादम, चार नंबरला नेणे, दिवा आणि खडा, सगळे जसे घडले तसे लिहा. बनियनचे लिहू नका. पण आईबद्दल काहीच लिहिले नाही तरी चालणार नाही. काका वाचून झाल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि तो ते आईलाच विचारतील. तेव्हा त्याचे उत्तर पत्रातच असू द्या. कसे लिहायचे ते तुम्हाला येते.

मी आजवर एकाही चिठ्ठीवर खोटे लिहिलेले नाही. हेही लिहिणार तुम्हीच आहात. पण सांगितले मी आहे, हे मला ठाऊक राहील.

पहिले पत्र आज सकाळी चुलीत घातले. आई चुलीपाशीच होती. तिने लाकूड थोडे बाजूला सरकवले, म्हणजे कागद नीट जळेल. कसला कागद, असे तिने विचारले नाही.

उत्तर वेळेवर यावे. तुम्ही इकडे येऊ नका.

तुमचा भाचा


९ मार्च

जुने कामगार समिती, खाण फाटक
प्रमुखांस सप्रेम नमस्कार.

मी आपल्या खाणीत मोजणी आणि नकाशांच्या कामावर होतो. अकरा वर्षांपूर्वी आपला एक कामगार, ज्यास सगळे खडेवाले म्हणत, तो चार नंबरच्या बोगद्यात मेला असे चौकशीत नोंदले गेले. ते खरे नाही. तो सात नंबरमध्ये, पाळीवर असताना, हुकमाप्रमाणे टेकू काढताना मेला. जिथे जाणे धोक्याचे होते अशी रेघ मी नकाशावर मारली होती आणि मुकादमाच्या सांगण्यावरून मीच ती आठ पावले पुढे नेली. त्याचे प्रेत मुकादमाने आणि मी चार नंबरमध्ये नेऊन ठेवले. त्याच्या कोटाच्या अस्तरात सापडलेला हिरवा खडा सात नंबरचा आहे. तो मी स्वतः दिव्याखाली तपासला असून कोणत्याही जाणकाराने पुन्हा तपासावा. त्याने पाळी सोडली नव्हती आणि चोरी केली नव्हती. त्याचे नाव इतरांबरोबर दगडावर असावे. त्यानंतर सात नंबरमध्ये जे दोघे गेले, त्यांच्या मृत्यूचा दोष माझ्याकडे आणि मुकादमाकडे आहे, अन्य कोणाकडेही नाही.

ही हकीकत आम्ही दोघांनी सर्वांपासून लपवली. मृताच्या पत्नीस यातले काहीही माहीत नव्हते, आणि हे पत्र लिहीपर्यंत माहीत नाही.

(सही)